खाण्याच्या विकारांसाठी दाखल होणाऱ्या मुलांच्या वॉर्डाला कोणता रंग द्यावा?

रंग कुठलाही द्या, भडक नको एवढंच. पैसे मोजके असतील तर आधी वजनकाटा कॉरिडॉरमधून हलवा. आपल्याकडे तो नर्सिंग स्टेशनसमोर असतो आणि आकडा फाइलमध्ये जाण्याआधी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातो. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढेल या भीतीने खाणं तोडण्याचा विकार) असलेल्या मुलीचा मग सगळा दिवस त्या आकड्यापायी जातो.

काटा दार लागणाऱ्या खोलीत हवा. वजन सकाळी, लघवी करून आल्यावर, न्याहारीआधी, फक्त गाउनवर, आकड्याकडे पाठ करून. सिस्टरने लिहायचं, बोलायचं नाही. फाइल पलंगाला लटकवायची नाही. ‘गाल भरले, छान दिसतेस’ हे तिला ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. राउंडला येणाऱ्या बड्या डॉक्टरांनाही हे आधी सांगून ठेवा, तेच जास्त बोलतात.

पलंगावर ट्रे ठेवून निघून जाऊ नका. टेबल हवं आणि गादीच्या खुर्च्या हव्यात. अंगावर मांस नसलं की लाकडी बाक हाडांना टोचतो, मूल बसूच शकत नाही. जेवणाला 30 मिनिटं, मधल्या खाण्याला 15. सोबत बसणाऱ्याने स्वतःही जेवावं, गप्पा जेवण सोडून कशाच्याही. कॅलरीचं कार्ड स्वयंपाकघरातच काढून टाका. उरलेल्या अन्नाऐवजी पोषक पेय द्यायचं, पण वाद न घालता. नंतर तासभर (खाल्लेलं ओकून टाकू नये यासाठी) बाथरूमला एकटं सोडायचं नाही, म्हणून त्या तासात कॅरम, पत्ते, अभ्यास, काहीतरी हवंच. रिकामा तास म्हणजे नुसती पहारेदारी.

इथेच प्रशासनाशी माझा जुना वाद आहे. ‘कॅमेरा लावा आणि आईला बाहेर बसवा, तिच्यामुळेच मुलगी अशी झाली.’ साफ चूक. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेल्या उपचारपद्धतीत आईवडिलांना दोष देत नाहीत, जेवणाची सूत्रंच त्यांच्या हाती देतात. घास घशाखाली उतरत नाही तेव्हा शेजारी माणूस लागतो. आईला टेबलावर बसवा, कसं बसायचं ते शिकवा, तिला झोपायला पलंग द्या. मानसिक आरोग्य संस्थेत 18 वर्षांखालच्या मुलासोबत नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा सोबती सतत हवा आणि मुलांची जागा प्रौढांपासून वेगळी हवी, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो.

मात्र हे सगळं प्रकृती स्थिर असेल तर. दिवसा नाडी 50 च्या खाली असेल तर आधी मॉनिटर आणि ईसीजी असलेला वॉर्ड. मानसोपचारतज्ज्ञांनी तिथे यावं. उपाशी शरीराला पुन्हा अन्न मिळू लागलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरू शकतं आणि हृदयाला धोका होतो. म्हणून आहार सुरू करण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) द्या, आणि पहिला आठवडा फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासा. या मुलांना थंडीही फार वाजते. एसीचा गारवा कमी ठेवा, जादा ब्लँकेट न मागता द्या.