डबसाठी (रेगेचा ड्रम-बेसवर चालणारा प्रकार) सेकंड हँड पाच तारांचा बेस (गिटार) घ्यायचाय, बजेट ३० हजार. कोणता घेऊ?

मॉडेल नंतर बघा, आधी बी तार, म्हणजे सगळ्यात जाड, खालच्या सुराची पाचवी तार बघा. ३० हजारांत जुना इबानेझ एसआर ३०५ किंवा यामाहा टीआरबीएक्स ३०५ बहुतेक मिळून जाईल, दोन्ही वाजवण्यासारखे आहेत. पण एकाच मॉडेलचे दोन जुने बेस शेजारी ठेवले तर एकाची बी घुमते आणि दुसऱ्याची ओल्या सुंभासारखी लोंबते. मी दुसरा घरी आणला होता.

जुलै महिना, धो धो पाऊस. डोंबिवलीहून वसईला गेलो, खिशात रोख २२ हजार. विकणाऱ्याने बेस ८ इंची स्पीकरच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पला लावून दिला. मी काय केलं? स्लॅप केलं, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकल्या, वरच्या फ्रेटवर दोन कॉर्ड दाबून दाखवल्या. तो म्हणाला, ‘हात छान आहे तुमचा.’ झालं, गडी खूश. बी तार तीनदा वाजवली असेल फार तर. मोकळ्या बीचा मूळ सूर ३१ हर्ट्झचा. तो असल्या डबड्यातून बाहेरच पडत नाही. ऐकू येतो त्याच्या दुप्पट, ६२ चा, आणि खालचं आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे वसईत मी ऐकली ती माझी हौस.

पुण्यातल्या कार्यक्रमात समोर १८ इंची सब, म्हणजे खालचे सूर वाजवणारे मोठे स्पीकर होते. पहिल्याच गाण्यात बीवर तिसऱ्या फ्रेटचा डी दाबला आणि ताडपत्री फडफडावी तसा आवाज आला. साउंडवाल्याने निमूट माझा आवाज खाली ओढला. नंतर टपरीवर आमचा ड्रमर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘सांगत होतो चार तारांचा घे. डबला पाचवी तार लागतेच कुठे?’

त्याचं अर्धं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. सत्तरच्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये बॉब मार्लीचा बेसवादक फॅमिली मॅन बॅरेट वाजवायचा तो चार तारांचा फेंडर जॅझ बेस. डब मिक्स करणारा किंग टबी तर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गाणं, गिटार काढून घ्यायचा आणि ड्रम-बेस उघडे ठेवायचा. डबच्या आवाजाची खोली तिथून आली, तारा मोजून नाही.

पुढे बेस दुरुस्तीला नेला तेव्हा कळलं की बीला भलत्याच बारीक सेटची तार होती, तिचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) ब्रिजवर पार मागे टेकलेलं, आणि नेक, म्हणजे दांडी, सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडचा नट झिजून गोल झालेला. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘हा आधीच कोणीतरी खाल्लाय.’ ६ हजार गेले.

तर विकणाऱ्याच्या घरी हे करा. बी तारेचा पाचवा फ्रेट दाबा, मग शेजारची मोकळी ई तार वाजवा. सूर एकच आहे, वजनही जवळपास तेवढंच लागलं पाहिजे. आलटून पालटून दहा वेळा वाजवा, लाजू नका. हेडफोन आणि छोटा इंटरफेस (बेस हेडफोनवर ऐकवणारी डबी) सोबत न्या, त्याच्या अ‍ॅम्पवर विश्वास ठेवू नका. सॅडलला मागेपुढे जागा आहे ना आणि ट्रस रॉडमध्ये चावी नीट बसते ना, तेही बघा. बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर बॅटरीचं झाकण उघडा. आत पांढरट-हिरवं काही साचलं असेल तर किंमत पाडा. पावसाळ्यात घेतलात तर नेक दिवाळीनंतर पुन्हा बघावी लागेल.

आवाजाचं म्हणाल तर नेकचा पिकअप (तारेचा आवाज उचलणारा भाग) पूर्ण, ब्रिजचा बंद, टोन बंद, नेकच्या टोकाशी अंगठ्याने वाजवायचं. फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत तारा लावा, त्यांचे पैसे त्याच ३० हजारांत धरा. आणि ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायचा स्पंज, हिरवी बाजू कापून टाकलेला. आमच्या घरी नवे स्पंज जातात कुठे हा विषय अजून निघतो.

पण पाचवी तार लागतेच. ड्रमर म्हणतो, ई उतरवून डी कर. केलं. ई तारेवरचा प्रत्येक सूर दोन फ्रेट सरकला, आणि आमची गायिका ऐन वेळी म्हणते, ‘आज घसा बसलाय, पांढरी एक घेऊ.’ पांढरी एक म्हणजे सी. आता खालचा सी आणू कुठून? तो चार तारांवर डीपर्यंत उतरूनही मिळत नाही. बीवर पहिल्या फ्रेटला असतो.

हां, घरीच छोट्या स्पीकरवर वाजवणार असाल, किंवा तुमची गाणी ईच्या खाली उतरतच नसतील, तर चार तारांचा घ्या, पैसे वाचतील. ३५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) मिळाला तर बी जास्त ताठ राहते, पण हात लहान असेल तर पहिले फ्रेट जड जातात, वाजवून बघा. हे आधी सांगायला हवं होतं.

तोच बेस आहे अजून माझ्याकडे, नवा नट आणि जाड बी लावून. ड्रमर हे वाचत असेल तर गेल्या महिन्यात पांढरी एकमध्ये तो खालचा सी कुणी वाजवला, ते त्याने खाली लिहावं.