गर्दचं व्यसन घरात कोंडून सुटतं का?
भावाच्या खिशात जळालेली चांदी (गर्द ओढायला वापरतात तो चंदेरी कागद) सापडली, आठ दिवस खोलीत कोंडलं तर गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून कोंडू नका.

माझ्या मामेभावाला असंच कोंडलं होतं. नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, जुलाब. मामी दाराबाहेर रडत बसलेली. ही टर्की, म्हणजे नशा तोडल्यावर होणारा त्रास, औषधांनी पुष्कळ सुसह्य होते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि खरा धोका तर त्यानंतर असतो. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय उतरते. मग पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. (सोबत दारूही रोजची असेल तर ती एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना आधी सांगा.)

लाज वाटून घेऊ नका. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक गर्दसारखे अफूजन्य पदार्थ घेणारे निघाले. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. पोलिसांची भीती वाटत असेल, तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातलं कलम ६४-अ वाचा: फक्त स्वतःच्या सेवनाचा मामला असेल आणि माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं.

आज रात्री भांडू नका. सकाळी, तो शुद्धीत असताना, शेजारी बसून बोला.