अ‍ॅप उघडत नाही? लगेच डिलीट करू नकोस
अरे, आयफोनवर अ‍ॅप स्टोअरबाहेरून टाकलेलं अ‍ॅप काढून टाकलंस तर आतला डेटाही जाईल. फुकटच्या अ‍ॅपल आयडीने साइन केलेलं (म्हणजे फोनने चालू द्यावं म्हणून डिजिटल सही केलेलं) अ‍ॅप ७ दिवसच चालतं. मुदत संपली की त्याच आयडीने, बंडल आयडी (अ‍ॅपचं ओळखनाव) तोच ठेवून पुन्हा साइन कर आणि जुन्यावरच इन्स्टॉल कर. मग सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये ट्रस्ट दे; नेट चालू हवं.

ज्या सर्टिफिकेटने ही सही होते तेच रद्द झालं असेल तर मात्र नवंच लागतं. मी नाशिकच्या कॉलेज रोडवरून स्वस्तातलं घेतलं होतं. एका सकाळी सातपूरला कामावर पोचतो तोच हिशेबाचं अ‍ॅप उघडून लगेच बंद! ते कुठल्याशा कंपनीचं, कर्मचाऱ्यांपुरतं सर्टिफिकेट होतं. असलं घेऊच नकोस, कळकळीने सांगतोय. रोजचं काम असेल तर अ‍ॅपलचं वर्षाचं, पैसे भरून मिळणारं डेव्हलपर अकाउंट स्वतःच्या नावावर काढ.