दीड लाख किलोमीटर चाललेल्या डिझेल गाडीत इंजिन फ्लश (ऑइलमध्ये टाकून इंजिन आतून साफ करायचं द्रव) टाकावं का?

भाऊ, आधी इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. डांबरासारखा घट्ट काळा थर लागला तर फ्लश नकोच. तो गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो, मग ऑइल वर चढत नाही अन् इंजिन जाम होतं. अशा गाडीचं ऑइल-फिल्टर दोन-तीनदा लवकर बदला, गाळ हळूहळू निघतो.

झाकण साफ असेल तर जुन्या ऑइलमध्येच फ्लश टाका. बाटलीवर लिहिली तेवढीच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, रेस देऊ नका. लगेच ऑइल काढा, फिल्टरही नवा लावा. आमच्या यवतमाळकडे काही जण रॉकेल ओततात, ते अजिबात नको. ऑइल पातळ होऊन बेअरिंग घासतात. आणि काढलेलं ऑइल शेताच्या धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.