शिक्का, झेक्कीनो आणि पुतळी

प्रश्न आला आहे: व्हेनिसच्या ‘झेक्कीनो’ या जुन्या सोन्याच्या नाण्याला नाव आपल्या ‘सिक्का’वरून पडलं का?

आधी एक सांगतो. मराठीत खिशात असतं ते नाणं. ‘दहा रुपयांचा सिक्का’ हे हिंदी आहे, आणि हल्ली ते मराठी घरांतही सर्रास ऐकू येतं याचा मला मनापासून त्रास होतो. आपण शिक्का मारतो, खर्च करत नाही. आणि मुळाशी इमान आपलंच आहे, कारण अरबी ‘सिक्का’ म्हणजे नाणं पाडायचा ठसा.

तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि थेट अरबीतून इटलीत गेला. व्हेनिसकर टांकसाळीलाच ‘झेक्का’ म्हणू लागले. सान मार्कोजवळ तिची इमारत अजून उभी आहे. झेक्कातलं ते झेक्कीनो. म्हणजे शिक्का आणि झेक्कीनो ही मावसभावंडं.

नाणं मात्र या नावाहून जुनं. फ्लॉरेन्स शहराने १२५२ साली फ्लोरिन हे सोन्याचं नाणं काढलं, त्याच्या तोडीचं म्हणून व्हेनिसने १२८४ मध्ये जोव्हान्नी दांदोलो दोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, असताना हे पाडलं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ निर्भेळ सोनं. तेव्हा त्याला डुकाट म्हणत. झेक्कीनो हे नाव सोळाव्या शतकातलं. नाण्यावरच्या लॅटिन ओळीचा शेवट ‘डुकाटुस’ असा होतो, त्यावरून ‘डुकाट’ आला असं काही कोशांत छापलंय. नाण्यांचा इतिहास न पाहता केलेली ही व्युत्पत्ती आहे! सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरने ११४० सालीच आपल्या डचीच्या, म्हणजे ड्यूकच्या मुलखाच्या, नावाने चांदीचा डुकाट पाडला होता.

पण माझा जीव अडकलाय तो ‘पुतळी’त. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातली नाणी मोजली आहेत, त्यांत पुतळ्या आहेत. पुतळी म्हणजे हेच व्हेनिसचं नाणं. त्यावर संत मार्क उभा राहून गुडघे टेकलेल्या दोजेच्या हाती निशाण देतो. आपल्या माणसांना संत ठाऊक नव्हता, दोजे ठाऊक नव्हता. त्यांनी दिसलं ते नाव दिलं. दक्षिणेत तर निशाणाच्या काठीला माड समजून, दोजेला ताडी काढणारा ठरवून, ‘शाणार कासु’, म्हणजे ताडीवाल्याचं नाणं, म्हणाले. पुतळी हे नाव लक्ष्मीच्या मूर्तीवरून पडलं असं जे ठासून सांगतात, त्यांनी मूळ नाणं हातात घेतलेलं नसतं. लक्ष्मी नंतर आली, सोनारांनी नकला पाडायला घेतल्यावर. व्हेनिसने हा छाप १७९७ पर्यंत बदलला नाही, म्हणून तर डोळ्यांना तो इतका सवयीचा झाला आणि कडी लागून गळ्यात आला.

घरात जुनी पुतळ्यांची माळ असेल तर एक पुतळी उलटी करून पाहा. लंबगोल चौकट, आत उभा ख्रिस्त, भोवती तारे दिसतात का? अक्षरं वेडीवाकडी असली तर ती बहुधा नक्कल, पण छाप व्हेनिसचाच.