पिशाच्च 'ते', व्हॅम्पायर 'तो'

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आला आहे. त्या गेली काही वर्षं इंग्रजीतल्या पॅरानॉर्मल रोमान्स (माणूस आणि व्हॅम्पायरसारखी अमानवी मंडळी यांच्या प्रेमकथा) आणि अर्बन फँटसी (शहरात घडणाऱ्या अद्भुत कथा) या मालिका आवडीने वाचतात. त्यातल्याच एका कथेचं मराठी रूपांतर हौसेखातर करायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडल्या. 'व्हॅम्पायर'साठी, म्हणजे मेल्यावरही उठून माणसांचं रक्त पिणाऱ्यासाठी, पिशाच्च, वेताळ आणि रक्तपिपासू असे तीन शब्द लिहून पाहिले, पण तिन्हींनी प्रेमकथेचा विचका झाला. त्या विचारतात, याला नेमका मराठी शब्द कोणता? आणि या साहित्यप्रकाराला मराठीत म्हणायचं काय?

तुम्ही अडलात ते लिंगापाशी. एक वाक्य दोन तऱ्हांनी मोठ्याने वाचून बघा. 'ते पिशाच्च तिच्याकडे बघून हसलं.' आणि 'तो तिच्याकडे बघून हसला.' पहिल्या वाक्यात अंगावर काटा येतो, दुसऱ्यात ती लाजू शकते. इंग्रजीत व्हॅम्पायर या नामाला लिंगच नाही, त्यामुळे लेखिकेने इंग्रजीतलं 'ही' (he) म्हटलं की काम भागतं. मराठीत मात्र भूत नपुंसकलिंगी, पिशाच्चही नपुंसकलिंगी. नपुंसकलिंग आपण मूल, पोर, वासरू, कोकरू यांना मायेने लावतो. मोठ्या माणसाला ते लावलं की त्याचं माणूसपणच काढून घेतल्यासारखं होतं. भुताच्या बाबतीत मराठीने हे मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं. जे गेलं, ते आता 'तो' किंवा 'ती' उरलं नाही. 'भूत' शब्दाचा मूळ अर्थही 'होऊन गेलेलं' असाच आहे, भूतकाळातला भूत तो हाच.

यात एक फार नाजूक जागा आहे. 'ते आलं' म्हटलं की भूत येतं. 'ते आले' म्हटलं की जुन्या घरातल्या बाईचा नवरा येतो. सर्वनाम दोन्हीकडे 'ते'च, फरक क्रियापदाच्या शेवटच्या स्वरापुरता. रूपांतर करणाऱ्याने हा स्वर जिवापाड सांभाळायला हवा, कारण या कथांचा सगळा प्रवास 'ते आलं'पासून 'ते आले'पर्यंतचाच असतो.

आता तुमचे तीन शब्द बघू. पिशाच्च हे संस्कृत 'पिशाच'चं मराठीत रुळलेलं रूप. परंपरेने त्याची फोड 'पिशित खाणारा' अशी करतात. पिशित म्हणजे मांस, म्हणजे हा रक्ताचा गिऱ्हाईक नव्हेच. या नावाचा महाराष्ट्राशी मात्र जुना संबंध आहे. गुणाढ्याने आपली 'बृहत्कथा' पैशाची भाषेत लिहिली आणि तो प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारी होता, अशी कथा सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त येते. भुतांच्या नावाची भाषा आणि तिच्यातली कथा थेट पैठणच्या दरबाराशी जोडलेली, हे मला नेहमी सुखावून जातं.

वेताळाचं प्रकरण जरा लांबवर सांगतो, कारण इथे गैरसमज बाहेरून आलेला आहे. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. तिथपासून वेताळ म्हणजे व्हॅम्पायर हे समीकरण इंग्रजी वाचकांत पसरलं. आता आपण तेच समीकरण उलटं फिरवून व्हॅम्पायरला वेताळ म्हणू लागलो आहोत. पण गोष्टीतला वेताळ काय करतो? झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून बसतो, राजाच्या खांद्यावरून कोडी घालतो आणि राजाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर जातो. रक्ताच्या थेंबाशी त्याचं देणंघेणं नाही.

शिवाय कोकणात आणि गोव्यात वेताळ हा देव आहे. माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूचं. आरवलीच्या वेतोबाला नवस फेडायला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. लहानपणी त्या वहाणांपाशी मी बराच वेळ उभा राहिलो होतो, माझा अख्खा हात कोपरापर्यंत एकीच्या लांबीत मावला असता. आजी म्हणाली होती, "देव रातचो गावाची राखण करता, मगे व्हाणो झिजतल्यो नाय?" गोव्यात आमोणे, लोलये इथे तोच बेताळ होऊन बसलेला आहे. ज्याच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपतं, त्याला मानेला दात लावायला पाठवायचं माझ्या तरी जिवावर येतं. तुमच्या मालिकेत शहराची रात्रपाळीची राखण करणारा एखादा नायक असेल, तर त्याच्यासाठी वेतोबाची आठवण जरूर ठेवा. देवचारही तसाच. खांद्यावर कांबळं, हातात काठी आणि वाट चुकलेल्याला घराच्या मेरेपर्यंत सोबत.

रक्तपिपासू हा शब्द खरं तर तिघांत सर्वांत अचूक. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. जिज्ञासू, मुमुक्षू या शब्दांसारखीच याचीही घडण, म्हणजे ज्याला प्यावंसं वाटतं तो. प्यायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या कथांतला नायक तहानेने व्याकूळ असतो आणि तरीही तिच्या मानेपासून तोंड फिरवतो. तो शब्दशः पिपासू आहे! पण वर्तमानपत्रांनी हा शब्द हुकूमशहा आणि दरोडेखोर यांना इतका चिकटवला की आता तो प्रेमाच्या कामाचा राहिला नाही. शिवाय ते विशेषण आहे. 'रक्तपिपासू खोलीत शिरला' असं कोणी म्हणत नाही. एखाद्या प्रसंगी, नायिका त्याच्यावर चिडलेली असताना, एकदाच वापरा. तिथे तो बसेल.

मग शब्द कोणता? माझं मत सरळ आहे, व्हॅम्पायरच ठेवा. हा शब्द इंग्रजीचाही मूळचा नव्हे. सर्बियातल्या खेड्यांत मेलेली माणसं उठून येतात अशा तक्रारी झाल्या, ऑस्ट्रियन अंमलदारांनी १७२५ आणि १७३२ साली त्यांचे अहवाल धाडले आणि त्या अहवालांबरोबर हा शब्द जर्मन, फ्रेंच, इंग्रजी असा पसरला. इंग्रजांनीही तो जसाच्या तसा घेतला, भाषांतर केलं नाही. आणि आपल्या भुतावळीतही परक्यांना त्यांच्या नावानेच जागा देण्याची रीत आहे. खवीस अरबीतल्या 'ख़बीस'वरून आला, म्हणजे दुष्ट. सैतान, जिन हेही तसेच पाहुणे. खवीस मुंजाशेजारी इतका मुरला आहे की तो परका आहे हे सांगावं लागतं. व्हॅम्पायरही मुरेल. तो पुल्लिंगी चालवा: व्हॅम्पायरला, व्हॅम्पायरचा, अनेकांना व्हॅम्पायरांना. बाई असेल तर पाटलीण, डॉक्टरीण यांच्या चालीवर व्हॅम्पायरीण. पहिल्यांदा लिहिताना हात अडखळेल, तिसऱ्या पानावर कानाला सवय होते.

पण आपल्याच यादीतला एक शब्द तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. समंध. काही वासना अडकून राहिलेला, बहुधा मूलबाळ नसताना गेलेला पुरुष समंध होतो, अशी समजूत. शब्द पुल्लिंगी आहे आणि तो 'संबंध' याचंच बोलीतलं रूप आहे. ज्याचा संबंध तुटलेला नाही तो समंध! 'अनडेड' या इंग्रजी शब्दाला आपण 'अमृत', 'न-मृत' असे कोरडे पर्याय शोधत बसतो. मराठी माणूस हे साधेपणाने सांगतो: त्याला गती मिळाली नाही. का मिळाली नाही, तर त्याचं कुणाशी तरी काहीतरी राहून गेलं. पॅरानॉर्मल रोमान्सच्या नायकाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला इंग्रजीतही आढळलेलं नाही. तुमच्या कथेत व्हॅम्पायर बाहेरगावचा असू द्या. पण नायिकेच्या आजीला त्याच्याबद्दल बोलायचं असेल, तर ती 'समंध आहे गं तो' असंच म्हणेल.

बाकीची मंडळी भराभर घेतो. 'वेअरवुल्फ'मधला 'वेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत पुरुष. तो आपल्या 'वीर'चा भाऊबंद, आणि 'वुल्फ' आपल्या 'वृक'चा. म्हणजे दोन्ही अर्ध्या भागांचं मूळ संस्कृतशी एकच, पण म्हणून 'वीरवृक' लिहू नका, ते एखाद्या शौर्यपदकाचं नाव वाटेल. 'लांडगामाणूस' लिहा. लांडग्यांच्या 'पॅक'ला कळप म्हणू नका, कळप म्हटलं की मेंढरं दिसतात. लांडग्यांची टोळी असते आणि 'अल्फा' हा टोळीचा म्होरक्या. चंद्राची गंमत वेगळीच आहे. लांडगामाणूस पौर्णिमेला बदलतो, पण मराठी मनात भीतीची रात्र अमावास्येची. पौर्णिमा म्हणजे कोजागरी, आटीव दूध, गच्चीवरच्या गप्पा. भयकथेत ही अडचण ठरली असती, प्रेमकथेत मात्र फायद्याची आहे.

'शेपशिफ्टर'ला संस्कृतात कामरूपी असा सुंदर शब्द आहे. रामायणातले वानर आणि राक्षस असे हवं ते रूप घेणारे. पण आज 'काम' म्हटलं की वाचक भलतीकडेच जातो. बहुरूपीही नको, तो दारात पोलिसाचं सोंग घेऊन येणारा जिवंत कलावंत आहे. 'रूप पालटणं' हे क्रियापद वापरा आणि नामाचा हट्ट सोडा. 'विच'साठी डाकीण मात्र कदापि लिहू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, जीव गेलेले आहेत. हा शब्द अजून ओला आहे. चेटकीण लहान मुलांच्या गोष्टींमुळे पुष्कळ निवली आहे, ती चालेल.

आता प्रकाराच्या नावाकडे. 'पॅरानॉर्मल'मधला 'पॅरा' म्हणजे बाजूचं, पलीकडचं. अतींद्रिय हा शब्द अभ्यासाच्या मेजावरचा, आणि अलौकिक आपण गवयाच्या गळ्यासाठी खर्चून टाकला. घराघरांत मात्र याला एक शब्द आहे: बाहेरचं. 'तिला बाहेरचं लागलंय.' नॉर्मलच्या बाहेरचं ते बाहेरचं, फोड अगदी जशीच्या तशी जुळते. फक्त प्रेमाला 'बाहेरचं' जोडलं की मराठीत भलताच अर्थ होतो, म्हणून तो सोडावा लागतो.

पण त्या वाक्यातलं क्रियापद सोडू नका. भूत लागतं, चकवा लागतो, दृष्ट लागते. आणि ओढ लागते, लळा लागतो, वेडही लागतं. बाधा आणि प्रेम यांना मराठीत एकच क्रियापद आहे. 'लागीर' म्हणजे भूतबाधा, आणि लागीर झालं म्हणजे कुणावर तरी जीव जडला, हेही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. झपाटणं, पछाडणं, भारणं, भूल पडणं, मोहिनी घालणं यांतला कुठलाही शब्द उचला, तो मांत्रिकाच्याही तोंडी शोभतो आणि प्रेमपत्रातही. इंग्रजीला दोन शब्द शेजारीशेजारी ठेवून या प्रकाराचं नाव बनवावं लागलं, आपल्याकडे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात. म्हणून माझी सूचना: लागीरकथा. शब्द मी जुळवलेला आहे, कोशात शोधू नका. पण बोलून बघा.

अर्बन फँटसीला हे नाव लावू नये. तिथे प्रेम काढून घेतलं तरी शहर, त्यातले खून आणि त्यांचा माग उरतो, गोष्ट उभी राहते. लागीरकथेतून प्रेम काढलं तर काहीच उरत नाही. 'शहरी अद्भुतकथा' एवढं साधं नाव तिला पुरे. अद्भुत हा आपल्या नवरसांतला एक आहे, त्याला उसनवारीची गरज नाही.

नारायण धारपांनी रक्त पिणाऱ्यांच्या आपल्या कादंबरीला 'लुचाई' हे नाव दिलं होतं. लुचणे हे तान्ह्या बाळाच्या पिण्याचं क्रियापद. कानावर पडताच आधी कूस आठवते आणि मग भीती वाटते. घरातला शब्द काय करू शकतो याचा हा नमुना मी अनेकांना ऐकवतो.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, जी तुम्हाला दुसऱ्या पानावर अडवणारच आहे. ती त्याला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर-प्रेमकथेचा नायक जन्मला १९०१ साली आणि दिसतो सतरा वर्षांचा. इंग्रजीत 'यू'ने निभावतं, मराठीत पहिल्याच संवादाला निवड करावी लागते. या कथांत एक जुना नियम बऱ्याचदा असतो, १८९७च्या 'ड्रॅक्युला'तही तो आहे: घरातल्याने बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर आत येऊ शकत नाही. तो उंबरठ्याबाहेर थांबलेला असेल. पहिल्या भेटीत तिने 'या' म्हणावं. पुढे किती प्रकरणांनी 'ये' म्हणायचं ते तुम्ही ठरवा. आणि उजाडायच्या आत निघताना त्याच्या तोंडी 'जातो' घालू नका. आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणतात.