क्लच नंतर, आधी विमा

गुहागरच्या एका वाचकांचं पत्र आहे. 2012 ची वॅगन आर, गॅरेजवाल्याने 65 हजारांचं एस्टिमेट दिलंय: क्लच, सस्पेन्शन, एसी, खालच्या पत्र्याचं वेल्डिंग आणि वर पूर्ण रंग. करू की कर्ज काढून नवी घेऊ, असं विचारतात. जाता जाता लिहितात, 'गाडीची किंमत उरलीय 90 हजार, म्हणून दोन वर्षं विमा भरला नाही. होमस्टेचे पाहुणे चिपळूण स्टेशनवरून आणतो, फेरीला 1500 मिळतात. नव्या गाडीसाठी बँकेतून एक पॉलिसीही घेतलीय.'

एस्टिमेटचं नंतर बघू.

अहो, थर्ड पार्टी विमा गाडीच्या किमतीसाठी नसतो. तुमच्या गाडीखाली कुणी गेलं तर त्याच्या घरच्यांना द्यायच्या भरपाईसाठी असतो, आणि त्या भरपाईला वरची मर्यादा नाही. महिना 20 हजार कमावणारा 35 वर्षांचा माणूस धरा, मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे 2 लाख 40 हजार. कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के वर, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरलेल्या अडीच लाखांना गुणिले 16, हा त्याच्या वयासाठी ठरलेला गुणक. झाले 40 लाख. मोटार अपघात न्यायाधिकरण साधारण असंच मोजतं. विमा नसला की वसुली मालकाकडून, म्हणजे तुमच्या होमस्टेवर आणि वाडीवर. वाचवलेत किती? हजार सीसीच्या आतल्या गाडीला करासकट वर्षाचे अडीच हजार. आज ऑनलाइन भरा, आणि पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

तेवढ्याने भागणार नाही. पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं मारलंत तर पॉलिसीची अट मोडते. कंपनीने भरपाई दिली तरी ती तुमच्याकडून वसूल करू शकते. भाडं खोलीच्या बिलात घालू का, असं विचारू नका, पळवाटा मी सांगत नाही. एवढ्या जुन्या गाडीला टुरिस्ट परमिटची आशाही नको. चिपळूणचा टॅक्सीवाला ठरवून द्या. तसंही जाऊन-येऊन 90 किलोमीटर, पेट्रोलचेच 500 जातात. टायर, सर्व्हिसिंग आणि आता हे 65 हजार धरलेत तर गाडी कमावत नाही, तुम्ही तिला पोसताय.

राहिली बँकेतल्या साहेबांनी गळ्यात मारलेली 'गॅरंटीड' पॉलिसी, जिच्यातून म्हणे नवी गाडी येणार. वर्षाला 48 हजार, दहा वर्षं, पंधराव्या वर्षी 7 लाख. हा परतावा चार टक्केसुद्धा नाही! सरेंडर केली तर किती आणि हप्ते थांबवले तर किती, दोन्ही लेखी मागा, मग ठरवू.

आता गाडी. रॅम्पवर चढवा आणि स्क्रूड्रायव्हरने खालून टोचत जा: जॅक लावायची कड, मागच्या सस्पेन्शनचे जोड, दारांखालची पट्टी. खाऱ्या हवेत गंज पत्रा आतून खातो, वरून रंग शाबूत दिसतो. जोडांपाशी टोक आत गेलं तर एक रुपया घालू नका, भंगारात द्या. फक्त फ्लोअर गेला असेल तर वेल्डिंग, क्लच, सस्पेन्शन करा आणि खालून अँटीरस्ट मारून घ्या, पावसाआधी. 35 हजारांत बसेल. एसी तुमच्या मर्जीवर. रंग अजिबात नको, गंजावर मारलेला रंग दोन पावसाळ्यांत फुगतो. 2027 ला 15 वर्षं भरतील, तेव्हा आरटीओची तपासणी, नूतनीकरणाचे 5 हजार आणि वर पर्यावरण कर. रंगाच्या पैशातले तेवढे आत्ताच बाजूला काढा. कर्जाची नवी गाडी मात्र या पाहुण्यांच्या भरवशावर घेऊ नका.